ज्याचं त्यानं म्हणावं

‘देव जे करतो ते बऱ्यासाठीच करतो.’ धाकटा भाऊ गेला त्या दिवसांत हे वाक्य आमच्या ओसरीवर किती तोंडांतून आलं! म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मयताच्या घरी जाऊन नुसतं गप्प बसणं आमच्याकडं जमत नाही. काहीतरी बोलावं लागतं, आणि अशा वेळी ओठांवर येणारी वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. देवाची मर्जी. त्याच्यापुढं कुणाचं चाललंय. मागच्या जन्मीचं देणं होतं, फेडून गेला. चांगली माणसं देवालाही लागतात.

तो रात्री पंढरपूरहून मोटारसायकलवर घरी येत होता. गाळपाचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली जोडट्रॉली टायर बसून उभी होती. मागं दिवा नव्हता, रेडियमची पट्टी नव्हती. चाकाला दगड लावून चालक मिस्त्री आणायला गेलेला. साखरपट्ट्यात ज्यानं हिवाळ्याच्या रात्री दुचाकी चालवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. लादलेला ऊस अंधारात मिसळून जातो, आणि त्यातच समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडतो. भावाचा मोठा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. धाकटी अजून अंगावर पीत होती.

त्या वाक्यांचा मला आलेला राग अजून पूर्ण गेलेला नाही. आणि पांडुरंगावरचा माझा विश्वासही गेलेला नाही. हे दोन्ही एकाच मनात कसं मावतं, असं लोक विचारतात. देव मानणाऱ्यांना माझा राग खटकतो, न मानणाऱ्यांना माझा विश्वास. बोलताना या विषयावर माझा गळा भरून येतो, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या अंगाला. काळी भारी रानं, त्यात मालदांडी ज्वारी, आणि पावलापावलावर संतांच्या गोष्टी. इथल्या पोरांना शाळेत घालायच्या आधी दामाजीपंत माहीत असतात. दुष्काळात माणसं अन्नावाचून मरू लागली तेव्हा मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्यानं बीदरच्या बादशहाची धान्यकोठारं लोकांना खुली केली. बादशहानं त्यांना धरून आणायला शिपाई धाडले. पण दामाजीपंत बीदरला पोचायच्या आत विठू महार नावाचा एक माणूस दरबारात हजर झाला, सगळ्या धान्याची किंमत त्यानं मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. तो विठू म्हणजे साक्षात पांडुरंग.

या गोष्टीतला देव वेळेवर पोचतो. आम्हा मुलांना ती फार आवडायची ती त्यामुळंच.

पण त्याच मंगळवेढ्यात, दामाजीपंतांच्या आधी, चोखोबा राहत होते. गावकुसाचं बांधकाम चाललं होतं, त्यावर ते राबत होते. 1338 साली ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली मजुरांसोबत चोखोबाही गाडले गेले. पुढचं कीर्तनकार रंगवून सांगतात: नामदेव महाराज मंगळवेढ्याला आले, मातीतून निघालेली हाडं एकेक करून कानाला लावत गेले, आणि ज्या हाडांतून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला घेऊन गेले. तिथं महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे.

लहानपणी या गोष्टीत मी त्या हाडांपाशी थबकायची. भाऊ गेल्यावर भिंतीपाशी थबकले. कीर्तनात त्या भिंतीबद्दल कोणी बोलत नाही. ती का पडली, खाली कोण कोण गेलं, त्यांच्या घरी कोण होतं, विचारत नाही. ज्याच्या हाडांतही विठ्ठल होता त्याच्या अंगावर भिंत कोसळताना विठ्ठल कुठं होता, हा प्रश्न तर कीर्तनात येतच नाही. दामाजीपंतांसाठी देव महाराचं रूप घेऊन बीदरपर्यंत चालत गेला, आणि जन्मानं महार असलेल्या त्याच्या भक्ताला त्याच्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती. एकाच मातीतल्या या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवाव्याच लागतात. कान्होपात्राही इथलीच. तिला न्यायला बादशहाची माणसं आली तेव्हा तिनं विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडला. तिच्यासाठीही मोहरा घेऊन कोणी गेलं नाही.

चोखोबांच्या घराकडं मी पुन्हा पुन्हा वळते, कारण त्या एका घरात पाचजण अभंग रचणारे होते: चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. दुःख सगळ्यांचं एकच. पण त्या दुःखाचं काय करायचं, यावर घरात एकमत नव्हतं. चोखोबांच्या नावावरच्या काही अभंगांत आपला हीन मानला गेलेला जन्म पूर्वकर्माचं फळ म्हणून स्वीकारलेला दिसतो. मुलाला ते पटलेलं नाही. कर्ममेळा सरळ देवाला विचारतो:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥

देवाला ‘तुला लाज वाटत नाही का’ असं विचारणारा हा मुलगा. त्याचे अभंग वारकरी परंपरेनं जपून ठेवले, बापाच्या अभंगांच्या बरोबरीनं. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. स्वीकार करणारा बापही संत आणि जाब विचारणारा मुलगाही संत. दोघांतला कोणीही विठ्ठलाकडं पाठ फिरवून बोलत नाही.

इथं एक सांगणं भाग आहे. माझं दुःख आणि त्या घराचं दुःख मी एका मापात घालत नाही. माझ्या घरावर एक रात्र कोसळली. त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला, आणि तो माणसांनी केला. ‘देवानंच तसं नेमून दिलंय’ हे वाक्य त्या अन्यायाच्या रक्षणासाठी शेकडो वर्षं वापरलं गेलं. म्हणूनच माझ्या ओसरीवर ते ऐकताना मी दचकते. 1948 साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो माणसांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्यांनी त्या दारात आणखी ताटकळायचं नाकारलं, त्यांना श्रद्धा कमी पडली असं म्हणायचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. मी दाराच्या आत जन्मले. आत राहून विश्वास ठेवणं माझ्यासाठी किती सोपं होतं, याची मला जाणीव आहे.

आणि ते दार उघडलं तेही ‘त्याची मर्जी’ म्हणत बसल्यानं उघडलं नाही. साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, दहा मे रोजी ते सुटलं, आणि विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हायचा मार्ग मोकळा झाला. चोखोबांच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंत काही पावलांचं अंतर, आणि तेवढं चालायला सहाशे वर्षं लागली. गुरुजींचा देवावर विश्वास नव्हता असं कोण म्हणेल? त्या माणसानं देवासाठीच जीव पणाला लावला होता.

आता तुकोबांकडं येते. सांत्वनाला आलेली माणसं सगळ्यात जास्त उसना आधार घेतात तो त्यांचाच. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि रहावें’ हा चरण माझ्या भावजयीला ती पंचविशीत असताना ऐकवला गेला. ऐकवणाऱ्यांनी तुकोबांचं आयुष्य आठवलं असतं तर त्यांची जीभ जरा अडखळली असती. 1630 च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. देहूतलं खातंपितं घर, महाजनकी, सावकारी, दुकान, सगळं बसलं. पहिली बायको रखमाई गेली, मुलगा संतू गेला. तुकोबांनी स्वतः लिहून ठेवलंय, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ शब्दांना कुठं मुलामा नाही. देवाची इच्छा, पूर्वकर्म, यातलं काही त्या ओळीत नाही. भुकेनं मेली, एवढंच.

आणि याच माणसाचा दुसरा अभंग आहे:

बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥

हा अभंग मला वर्षानुवर्षं कठीण गेला. बायकोच्या मरणाला, दिवाळखोरीला, दुष्काळाला बरं कसं म्हणायचं? पुढं बायको कर्कशा मिळाली तेही बरं झालं, लोकांत दुर्दशा झाली तेही बरं झालं, असा तो वाढतच जातो. भाऊ गेल्यानंतर तो तर माझ्याच्यानं म्हणवेना.

मग एका पहाटे काकड्याला तो कानावर आला आणि माझ्या लक्षात आलं की हे सगळं तुकोबा स्वतःबद्दल म्हणताहेत. माझं दिवाळं निघालं ते बरं झालं. माझ्यावर दुष्काळ आला तो बरा झाला. देहूत त्या काळात घराघरांत माणसं मेली असणार. त्यातल्या एकाच्याही दारात जाऊन ‘बरं झालं, देवानं तुझ्या भल्याचंच केलं’ असं तुकोबांनी म्हटल्याचं कुठं दिसत नाही. उलट, सावकारीची खतं होती त्यांतली भावाच्या वाट्याची भावाला देऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. ज्यांच्याकडून येणं होतं ती माणसंही त्याच दुष्काळात होरपळलेली. त्यांना तुकोबांनी उपदेश केला नाही, कर्ज माफ केलं.

इथंच माझा गुंता सुटला. देव जे करतो ते बऱ्यासाठी, हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते ज्याचं त्यानं म्हणायचं आहे. ज्याच्या घरात मयत झालंय त्यानं, आणि तेही त्याला जेव्हा म्हणवेल तेव्हा. दहा वर्षांनी म्हणवेल, कधीच म्हणवणार नाही, ते त्याच्या आणि देवाच्या मधलं. बाहेरून येऊन दुसऱ्याच्या तोंडात ते घालायचं नसतं.

तुकोबांच्या दुसऱ्या बायकोबद्दल, जिजाईबद्दल, एवढ्यासाठीच माझं मन कळवळतं. तुकोबांना म्हणवलं, तिला म्हणवलं नाही. घरात दाणा नाही, पदरात पोरं, आणि नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर. ती त्या काळ्याला शिव्या द्यायची, असं सगळे सांगतात. कर्कशा म्हणून तिला नावंही ठेवतात. पण भाकरी बांधून डोंगर चढायची तीच. पायात काटा मोडला तेव्हा तो काढायला स्वतः विठ्ठल आला, अशी तिची गोष्ट आहे. ही गोष्ट ज्यानं पहिल्यांदा सांगितली त्याला भक्ती काय असते ते खरंच कळलं होतं. काटा काढायला देव शिव्या देणारीकडं आला.

आमच्या आईला लिहिता-वाचता येत नाही. गळ्यात माळ आहे, हरिपाठ तोंडपाठ आहे, अभंग किती पाठ आहेत ते तिलाही सांगता येणार नाही. भावाचा दशक्रिया विधी चंद्रभागेच्या वाळवंटात झाला. कावळा शिवेना. माणसं हात जोडून एकेक कबूल करू लागली. पोरांना शिकवतो म्हणा. रान विकणार नाही म्हणा. बायकोला अंतर देणार नाही म्हणा. कावळा लांब बसून राहिला. आई मागं बसली होती ती उठली, देवळाच्या कळसाकडं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “विठ्या, माझं पोरगं तुझ्याच गावातनं निघालं हुतं. तुझ्याच वेशीतनं. तुला येवढंबी ध्यान ठेवता आलं न्हाई?”

आमच्या भावकीतले एक जुने माळकरी पुढं झाले. “देवाला असं बोलू नये, काकू.”

“मग कुणाला बोलू?” आई म्हणाली.

या प्रश्नाला त्या वाळवंटात कोणाकडंही उत्तर नव्हतं. तिला दुसरं कोणी होतंच कुठं? वडील आधीच गेलेले. ट्रॉलीचा मालक तोंड चुकवत होता. ज्याला एवढी वर्षं सुखाचं सगळं सांगितलं त्यालाच ती हेही सांगत होती. जनाबाईंचा ‘अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या’ हा अभंग आईला पाठ आहे. त्यात पुढं जनाबाई देवाला ज्या शिव्या देतात त्या मी इथं उतरवू शकते, पण त्या वाचायच्या नसून म्हणायच्या आहेत, अंगणात उभं राहून. आपल्या या परंपरेत देवाशी भांडायला जागा आहे, आणि ती संतांनीच करून ठेवली आहे. आईच्या बोलण्यानं कोणाची श्रद्धा दुखावली असेल तर मला त्याचं वाईट वाटत नाही.

त्या आषाढीला आई वारीला जाणार नाही असं आम्हाला वाटलं होतं. गेली. “भांडान मिटलं का?” असं शेजारणीनं विचारलं तेव्हा म्हणाली, “मिटलं न्हाई, म्हणून तर चाललीय.”

आणखी एक तिनं केलं. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तालुक्याहून लाल रेडियमची बंडलं मागवली. पैसे तिनं घातले, पोरं गावातली जमवली, आणि गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला मागून पट्ट्या मारून घेतल्या. ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या तेव्हा त्यांच्या बैलगाड्यांनाही. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, “आजी, वरच्याच्या मनात असलं तर पट्टीनं काय हुतंय?” आई पट्टी कापत राहिली. “त्याच्या मनातलं त्याला ठावं. पट्टी माझ्या हातात हाय.”

मला आईइतकं सोपं करून बोलता येत नाही. माझ्या मनात प्रश्न उरतोच. हे शरीर कोणाच्या सत्तेनं चालतं, हरीवाचून कोण बोलवतो, असं आम्ही टाळ कुटत म्हणतो. सगळी सत्ता जर त्याची, तर त्या रात्रीच्या रस्त्यावरही त्याचीच नको का? दिवा न लावण्यातही? मी या प्रश्नाशी खूप झगडले आहे आणि त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. मिळालंय ते वेगळंच. त्या अपघातात देवाचा हात होता, असं मला कधीही जाणवलं नाही. पण त्यानंतरच्या महिन्यांत, जेव्हा मला सकाळी उठावंसं वाटत नव्हतं, तेव्हा मला कोणीतरी धरून ठेवलं होतं. तेव्हा ते कळलं नव्हतं, आता मागं वळून पाहताना दिसतं. भावजय परत उभी राहिली, रानात जाऊ लागली, हिशेब शिकली. ज्या हातांनी आम्हाला धरलं त्यांत शेजारच्या बायकांचे हात होते, पेरणीला औत घेऊन न बोलवता आलेल्या भावकीचे होते. आणि त्या हातांमागं आणखी एक हात होता, हे मी मनापासून मानते. त्याच्या सत्तेबद्दल मला एवढंच बोलता येतं. माझ्यापुरतं. भाऊ गेला ते बरं झालं, हे मला आजही म्हणवत नाही, आणि कधी म्हणवेल असं वाटतही नाही. पांडुरंग त्यासाठी अडून बसला आहे असंही वाटत नाही.

मध्ये भावाच्या मुलाला शाळेत दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. घरी येऊन त्यानं दप्तर टाकलं आणि आईला विचारलं, “आजी, विठोबा बीदरला गेला, मग बाबाला आणायला का नाही गेला? पंढरपूर तर जवळ आहे.”

भावजय आत निघून गेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. देव दमला असेल, देव दुसरीकडं गेला असेल, बाबा देवाकडंच आहेत, असलं काहीतरी मोठ्यांच्या तोंडून येतंच. आईनं मला हातानंच थांबवलं.

“मला ठावं न्हाई बघ. म्याबी त्याला हेच इचारलंय,” ती म्हणाली.

“मग? काय म्हणाला?”

“अजून बोलला न्हाई. तू इचारून बघ.”

त्या आषाढीला ती त्याला दर्शनबारीत घेऊन गेली. मुखदर्शन करून लवकर मोकळं होता आलं असतं, पण त्याला पायांवरच डोकं ठेवायचं होतं. रात्र बारीत गेली. गाभाऱ्यात पोचल्यावर पुढचं सगळ्यांना माहीत आहे: डोकं टेकतंय न टेकतंय तोवर खांद्यावर हात पडतो, चला चला म्हणत माणूस पुढं ढकलला जातो. पोरगं बाहेर आलं ते रडवेलं होऊन. विचारायचं राहून गेलं म्हणाला, तोंड उघडायच्या आतच ओढलं.

आईनं त्याच्या कपाळाचा बुक्का पुसट झाला होता तो नीट केला. “कार्तिकीला परत येऊ. येताना प्रश्न तोंडात घोळवतच यायचं, पायावर डोकं ठेवल्या ठेवल्या इचारायचं. त्याला सवड मिळू द्यायची न्हाई.”